नील्सचा कप

एफ्रेम, युटा
१२ जानेवारी १९३१

बोटिल्ड,

बिशपने मला मंदिरात शिरायच्या परवानगीची चिठ्ठी दिली नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे उरलेलं पत्र तू बसून वाचशील.

काल सभा संपल्यावर त्याच्या खोलीत गेले. नवा बिशप म्हणजे थायगेसनांचा ऑर्व्हल. चौतीस वर्षांपूर्वी पायाळू आला होता. मीच त्याला ओढून काढला, उलटा धरला आणि पाठीत दोन चापट्या मारल्या, तेव्हा कुठे रडला. बोलायला लागल्यापासून मला मावशी म्हणतो. पण काल टेबलाच्या पलीकडे बसून "सिस्टर मॉर्टेनसन" म्हणाला, तेव्हाच मी ओळखलं की आज काही खरं नाही.

आधीचे प्रश्न नीट गेले. दशांश देता का? देते, कोंबड्यांच्या अंड्यांचासुद्धा देते. कुणाशी वैर? शेजारच्या हान्सिनेशी होतं, पण तिने शिडी परत केली. मग म्हणाला, "सुज्ञवचन पाळता का? दारू, तंबाखू, चहा, कॉफी?"

म्हटलं, "दारू नाही, तंबाखू नाही, चहा मला आवडत नाही." आणि गप्प बसले. तो हळूच म्हणाला, "आणि कॉफी?"

"सकाळी एक कप. फार तर दीड."

म्हातारे बिशप योर्गेनसन हे असलं कधी विचारत नसत. आपल्या डॅनिश म्हाताऱ्यांना ते एवढंच विचारायचे, "सुज्ञवचन माहीत आहे ना?" आपण म्हणायचं, "आहे हो," की झाली सही. नील्स गेल्यापासून गुडघ्यांमुळे माझं मंदिरात जाणंच झालं नाही, म्हणून चिठ्ठी नवी करायची वेळ आली नव्हती. आता आली, तर खुर्चीत हा बसलेला.

मी भांडले, अर्थात. म्हटलं, वचनात 'गरम पेयं' लिहिलंय, मी थंड करून पिते. तर हसला. म्हटलं, त्याच वचनात मांस बेताने खा, तेही थंडीत नाहीतर दुष्काळात, असं लिहिलंय. कापणीनंतरच्या जेवणात तू हॅमचे पाच काप खाल्लेस, मी मोजत होते. तेव्हा कानापर्यंत लाल झाला. म्हणाला, "मावशी, ते माझं चुकतंच. पण मला विचारायला सांगितलंय ते कॉफीचं. तुम्ही नाही म्हणाला असतात तर मी डोळे मिटून सही केली असती. तुम्ही खरं बोललात, आता मी काय करू? तीन महिने सोडा आणि या. मी वाट बघतो."

एल्नाचं लग्न सतरा जूनला आहे, मँटीच्या मंदिरात. चिठ्ठी नसेल तर मी बाहेर हिरवळीवर बसायचं आणि माझी नात आत लग्न लावून बाहेर येणार. माझी लेक मारेन एकोणीसशे अठराच्या तापात गेली तेव्हा एल्ना आठ वर्षांची होती. तिच्या वेण्या मी घातल्या, तिला अक्षरं मी गिरवायला लावली. आईच्या जागी कुणी बसायचं तर मीच ना?

तुझा जानेवारीचा लाल डबा शनिवारी पोचला. सहा वर्षं दर महिन्याला कॉफी दळून, डब्यात घट्ट भरून पाठवतेस, कधी चुकली नाहीस. आणि आता बघ, त्याच डब्याने माझी वाट अडवली. काय करू सांग.

तुझी थोरली,
डोर्थेया


सॉल्ट लेक सिटी
१७ जानेवारी १९३१

ताई,

बसूनच वाचलं. हॅमच्या पाच कापांपाशी हसले आणि वेण्यांपाशी रडले.

आता माझं ऐक. सोडून दे. एवढंच. त्यात विचार करण्यासारखं काही नाही. तुला माहीत आहे, इथल्या महिला मंडळात आरोग्याचा धडा मीच घेते. परवाच चाळीस बायकांसमोर सांगितलं की देवाने माणसासाठी गहू दिला, बैलासाठी मका, घोड्यासाठी ओट आणि साध्या पेयांसाठी जव. कॉफीचं नाव त्यात कुठेही नाही. बायका टिपून घेत होत्या. आणि वचन पाळणाऱ्याला काय मिळतं? धावतील पण दमणार नाहीत, चालतील पण थकणार नाहीत. तुझ्या गुडघ्यांना आणखी काय हवं?

डोकं दुखेल तेवढं. पहिल्या दिवशी दुपारी सुरू होतं, डोळ्यांच्या मागे. दुसऱ्या दिवशी मान धरते आणि कुणी पेल्यात चमचा ढवळला तरी त्याच्या अंगावर धावून जावंसं वाटतं. तिसऱ्या दिवशी उतरतं. असं बायका सांगतात.

मी तुझ्या वयाकडे आणि एकटेपणाकडे बघून डबे पाठवत होते. आता फेब्रुवारीचा पाठवणार नाही. रागावलीस तरी चालेल.

आमच्याकडे सगळे ठीक. फेरिनला कामावर बढती मिळाली. सूनबाई आयव्ही पुन्हा त्या शेजारच्या ग्रीक माणसावर चिडली आहे. पापाडाकिस त्याचं नाव. त्याच्या घरातून कॉफीचा वास थेट माझ्या खोलीत येतो म्हणते. मी म्हटलं, जाऊ दे गं, त्यांच्यात चालतं.

तुझी बोटिल्ड


एफ्रेम
२१ फेब्रुवारी १९३१

बोटिल्ड,

दोनदा सोडली, दोनदा धरली. एकदा चार दिवसांनी, एकदा सहा. तू डबा नाही पाठवलास, पण जानेवारीच्या डब्यात तळाशी होती ती पुरवून पुरवून प्यायले.

तुला वाटत असेल, म्हातारीला तलफ आहे. तलफ कसली गं? त्या तापाने मारेन नेली आणि जाताना माझं नाक आणि जीभही घेऊन गेला. बारा वर्षं झाली, मला कॉफी आणि कोमट पाणी यांत रंगाशिवाय फरक कळत नाही. झोप तर माझी कॉफीने कधी उडालीच नाही, कप खाली ठेवून डुलकी काढते. हान्सिने म्हणते, "तुझं कातडं गेंड्याचं."

मला सोडवत नाही ती सकाळ. नील्स असताना कॉफी त्याच्या हातची असायची. कोठारात स्वतः भाजायचा, स्वतः दळायचा. मला जवळ येऊ द्यायचा नाही, धुराने तुझा खोकला उलटेल म्हणायचा. मग आम्ही खिडकीशी बसायचो, दोघांचे दोन निळे कप. पहिला घोट घेऊन तो रोज म्हणायचा, "आज झकास झालीय, डोर्थे." रोज. बर्फ पडलेलं असो, गाय मेलेली असो, तेच वाक्य. मारेननंतर आम्ही दोघं फार बोलायचो नाही, पण ते वाक्य चुकलं नाही.

तो गेल्यापासूनही मी दोन कप मांडते. त्याचा अर्धाच भरते. हे मी बिशपला सांगितलं नाही. तुला सांगतेय, कुठे बोलू नकोस. आता भांडं चुलीवर नाही तर कप तरी कशाला मांडायचे? सहाव्या दिवशी सकाळी खिडकीशी नुसती बसले आणि घर इतकं रिकामं वाटलं की उठून डबा खरवडला.

एल्ना आली होती. मी तिला खरं सांगून टाकलं. पोरगी रडली, मग म्हणाली, "आजी, मी लग्न पुढे ढकलते. डीलॉस थांबेल. तू आत असल्याशिवाय मी नाही जायची." डीलॉस बिचारा दारात टोपी चुरगाळत उभा होता, त्याच्या तोंडावरून मला तो थांबेल असं काही वाटलं नाही. मी तिला दटावलं. पण ती माझ्यावर गेलीय, बोलली म्हणजे करणार.

उद्यापासून परत सोडते. वीस पोरं अडलेली सोडवली मी या हातांनी, आणि एक कप सुटेना.

डोर्थेया


सॉल्ट लेक सिटी
२६ फेब्रुवारी १९३१

ताई,

तुझं पत्र चार वेळा वाचलं. दोन कपांचं मला माहीत नव्हतं.

मला एकच सुचतं. कप मांडत जा. दोन्ही. त्यांत गरम पाणी ओत, वर थोडं दूध आणि मध. नील्सभाऊजी काही कॉफीसाठी त्या खिडकीत बसत नव्हते. हे मी उगीच धीर द्यायला लिहीत नाही, मला पक्कं ठाऊक आहे.

आणखी लिहिणार होते, पण आयव्ही पोस्टात निघाली आहे.

बोटिल्ड


एफ्रेम
४ मे १९३१

बोटिल्ड, बोटिल्ड,

सुटली! एक मार्चपासून थेंब नाही. दोन महिने लिहिलं नाही, कारण वाटलं, लिहीन आणि दुसऱ्या दिवशी घसरेन. डब्याचा तळ कोंबड्यांपुढे झटकला. त्यांनी आनंदाने टिपला, मेल्यांना काही धरबंध नाही. तुझं पाणी, दूध आणि मध कामी आलं. कप दोन्ही मांडते.

पण खरी गोष्ट पुढे आहे. डोकं दुखलं नाही! तू सांगितलंस तसं काही म्हणजे काही झालं नाही. मागच्या दोन्ही वेळी नाही दुखलं, तर वाटलं, पुरती सुटलीच नव्हती म्हणून. पहिल्या दिवशी दुपारी मी ओला फडका घेऊन पलंगावर आडवी झाले आणि वाट बघत बसले. काही नाही. उठून बटाटे सोलले. दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी, काही नाही. हान्सिनेचा नवरा येप्पे एकदा कॉफी सोडताना आठवडाभर भिंतीवर डोकं आपटत होता, शेवटी परत धरली. आणि मी पन्नास वर्षांची कॉफी पिणारी, मला शिंकसुद्धा आली नाही.

काल उपासाचा रविवार होता. मी काही सभेत उठून देवाच्या कृपेची साक्ष देणारी बाई नाही, तुला माहीत आहे. शेवटचं बोलले ते नील्सच्या वेळी. पण काल सगळी सभा उपाशीपोटी शांत बसली होती आणि माझे पाय आपोआप उभे राहिले. सांगितलं की बाहत्तराव्या वर्षी मी वचन पाळलं आणि देवाने माझी वेदना वरच्या वर उचलली. हा चमत्कार माझ्या घरी घडला, असं म्हणाले. ऑर्व्हल वर बसून डोळे पुसत होता. तीन म्हाताऱ्यांनी येऊन माझा हात धरला आणि म्हणाल्या, तू सोडलीस तर आम्हीही सोडतो.

एकतीस तारखेला चिठ्ठीवर सही. एल्नाने पांढरं कापड आणलंय, आम्ही दोघी रोज शिवतोय. मी आत बसणार गं!

डोर्थेया


सॉल्ट लेक सिटी
९ मे १९३१

ताई,

हे पत्र मी तीनदा फाडलं. हे चौथं.

तुझं डोकं दुखलं नाही, कारण तू कॉफी सोडलीच नाहीस. सोडायला ती होतीच कुठे? तुझ्या लाल डब्यात सहा वर्षं मी भाजलेले जव पाठवतेय. जव, थोडा कोंडा आणि काकवी. आणि त्याआधी सहा वर्षं नील्सभाऊजी कोठारात भाजायचे, तेही जवच. आपल्या खालच्या शेतातले. तुला चव नाही आणि वास नाही, म्हणून कळलं नाही.

मरायच्या आधी भाऊजींनी मला चिठ्ठी पाठवली होती, कृती लिहून. दर महिन्याला पाठव, तिला सांगू नकोस, असं होतं तिच्यात. का, तेही लिहिलंय. ते मी माझ्या शब्दांत सांगणार नाही. चिठ्ठी पोस्टात टाकायला जीव होत नाही, लग्नाला येईन तेव्हा तुझ्या हातात देईन. पण एक ओळ आत्ताच सांगते, कारण तिच्याशिवाय माझा गुन्हा तुला कळणार नाही. 'कधी मंदिराच्या दारात तिला अडवलं, तर मात्र लगेच सांग.'

तू मला बारा जानेवारीला कळवलंस. मी सांगितलं नाही.

का सांगितलं नाही ते ऐक. डबा तुला कॉफीचाच वाटायला हवा होता, म्हणून मी पहिल्यांदा कॉफीचा लाल डबा विकत आणला. आता डबा रिकामा करायचा तर आतली कॉफी टाकायची? आपण डॅनिश माणसं, उष्टं पाणीसुद्धा गुलाबाला घालतो. प्यायले. पुढच्या महिन्यात पुन्हा नवा डबा, कारण जुने तू बटणं आणि बियाणं ठेवायला ठेवून घ्यायचीस. तोही प्यायले. असे पंचाहत्तर डबे झाले, ताई. फेरिन आणि आयव्ही बाहेर गेले की मी खोलीचं दार लावून पिते. त्या ग्रीक माणसाच्या घरातून वास येत नाही. माझ्याच खोलीतून येतो. आणि महिन्यातून एकदा चाळीस बायकांसमोर उभी राहून गहू, मका आणि ओट शिकवते. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण, ती मी.

तुला खरं सांगितलं असतं तर तू पहिलं विचारलं असतंस, "मग डब्यातली कॉफी कुठे गेली?" त्या एका प्रश्नाला भ्यायले. वाटलं, ताई तीन महिने सोडेल, चिठ्ठी मिळेल, आणि कुणाला काही कळणार नाही. तू उभी राहून साक्ष देशील हे माझ्या स्वप्नातही नव्हतं.

गप्प राहिले असते तर तू आनंदात आत गेली असतीस. पण तू सभेत देवाचं नाव घेऊन बोललीस, आणि तीन म्हाताऱ्या तुझ्यावर विश्वासून उद्या डोकं धरून बसतील. मला ते सोसेना. मला हवं ते बोल, पण बोल.

बोटिल्ड


सॉल्ट लेक सिटी
२५ मे १९३१

ताई,

सोळा दिवस झाले. तुझं पत्र नाही. तू गप्प बसतेस तेव्हा मला लहानपणीचं आठवतं, जहाजावर मी तुझी लोकरी टोपी समुद्रात पाडली आणि तू न्यूयॉर्क येईपर्यंत माझ्याशी बोलली नव्हतीस.

मी सगळं केलंय. आयव्हीला सांगितलं. ती आधी खुर्चीत बसली, मग म्हणाली, "आई, तरीच!" मंडळात जाऊन धडा सोडला. माझ्या बिशपला सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि माझी मंदिराची चिठ्ठी मागून घेतली. सहा महिन्यांनी या म्हणाले. म्हणजे सतरा जूनला हिरवळीवर मी बसणार. बरोबरच आहे.

पापाडाकिसची माफी मागायला गेले. तो म्हणाला, "बाई, मला ठाऊक होतं. मी घरी कॉफी करतच नाही, मला पोटाचा त्रास आहे."

आज माझा दुसरा दिवस आहे. मान धरलीय, डोळे उघडत नाहीत, हे वेडंवाकडं अक्षर त्यामुळे. तुझ्या वाटणीची डोकेदुखी माझ्याकडे आली म्हणून समज. आयव्ही बाहेर चमचा ढवळतेय. तिला ओरडून उपयोग नाही, ती माझ्यासाठीच सूप करतेय.

दोन ओळी लिही. शिव्या असल्या तरी चालतील.

बोटिल्ड


एफ्रेम
८ जून १९३१

बोटिल्ड,

टोपीचं मी विसरले नव्हते. आता फिटली.

तुझं नऊ तारखेचं पत्र वाचून मी ते चुलीत टाकायला निघाले होते. इतकी चिडले होते की कोंबड्यासुद्धा लांब पळाल्या. जवाने फसवलं याचा राग नव्हता. चार महिने मी पोरीला रडवलं, स्वतः रडले, आणि तू एका ओळीत थांबवू शकत होतीस. साप साप म्हणून मी भुई धोपटत राहिले आणि तू शंभर मैलांवर बसून म्हणत होतीस, धोपट, अजून जोरात धोपट. तो राग होता. थोडा अजून आहे. लग्नाला येशील तेव्हा समोरासमोर काढीन.

मग पत्र एप्रनच्या खिशात घालून ऑर्व्हलकडे गेले. म्हटलं, सहीच्या आधी हे वाच. वाचता वाचता त्याचे खांदे हलायला लागले, मग चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि इतका हसला की त्याची बायको धावत आली.

मी म्हटलं, "हसू नकोस. मी कॉफी समजूनच प्यायले ना? बारा वर्षं, रोज, जाणूनबुजून. पोटात जव असले तरी मनात कॉफीच होती."

तो थांबला. डोळे पुसले आणि जरा विचार करून म्हणाला, "मावशी, कॉफी समजून प्यायलात हे पाप धरायचं, तर कॉफी समजून सोडलीत हे पुण्यही धरावं लागेल. तुम्ही सोडलीत ती काही जव म्हणून नाही सोडलीत." आणि सही केली. पायाळू पोरं डोक्याने उशिरा येतात पण चांगली निघतात, हे मी त्याच्या आईला तेव्हाच सांगितलं होतं.

पण एक काम उरलं होतं. काल पुन्हा उपासाचा रविवार. चमत्कार मी सगळ्यांसमोर सांगितला, तर तो परतही सगळ्यांसमोरच घ्यायला हवा. पाय आपोआप उभे राहिले नाहीत, उभे करावे लागले. म्हटलं, बंधूंनो आणि भगिनींनो, माझी वेदना देवाने उचलली नाही, कारण ती नव्हतीच. मी बारा वर्षं जव पीत होते. तुझं नाव घेतलं नाही, एका नातेवाइकाने पाठवले म्हणाले. सभेत कुणी हसत नाहीत, पण काल बाकं हलत होती.

बाहेर येप्पे माझ्याकडे आला, ऐंशी वर्षांचा, काठी टेकत. म्हणतो, "डोर्थेया, बारा वर्षं आम्ही तुझ्याकडे कॉफी प्यायला येतोय. दर वेळी घरी जाताना हान्सिने म्हणायची, बिचारीचं नाक गेलं, तिला आता कॉफी करता येत नाही, आपण काही बोलायचं नाही." म्हणजे निम्म्या गावाने माझे जव तोंड वाकडं न करता प्यायले, आणि वर दुसरा कप मागितला! मी अंगणातच खाली बसले आणि पोट धरून हसले. सोडणाऱ्या त्या तीन म्हाताऱ्या आता कृती मागताहेत.

सतरा तारखेला सकाळी ये. केकची टोपली तुझ्याकडे देईन, हिरवळीवर सांभाळायला. डोकं उतरलं का?

डोर्थेया


एफ्रेम
२८ जून १९३१

बोटिल्ड,

मंदिराच्या पायऱ्या मी एकदाच थांबून चढले, हे तू खालून बघितलंसच. आतलं तुला तिथे नीट सांगता आलं नाही, सगळे फोटोसाठी ओढत होते. एल्ना गुडघे टेकून बसली आणि मान वळवून मी आहे ना ते बघितलं. मी होते. बस, एवढंच बघायला मी आत गेले होते. बाहेर आले तेव्हा तू टोपलीवर छत्री धरून स्वतः उन्हात बसलेली. तेव्हाच माझा उरलेला राग गेला. डिसेंबरमध्ये तुझी चिठ्ठी तुला परत मिळेल तेव्हा आपण दोघी जाऊ, नील्सच्या नावाने.

तू हातात ठेवलेली त्याची चिठ्ठी मी तिथे उघडली नाही. पाहुणे गेले, पोरं त्यांच्या घरी गेली, मग आज सकाळी खिडकीशी बसून वाचली. तुला पाठ असेल. तरी मला ती एकदा माझ्या हाताने लिहायची आहे.

'बोटिल्ड, पाच वाटे जव, एक वाटा गव्हाचा कोंडा, वरून काकवी. लोखंडी तव्यात मंद आचेवर काळे होईपर्यंत. मारेन गेली त्या आठवड्यात डोर्थेही जायला टेकली होती. मी कोठारात गुडघे टेकून नवस बोललो की एक नेलीस, दुसरी ठेव, या घरात पुन्हा कॉफी येणार नाही. ती राहिली. पण उठून बसल्यावर तिने पहिली कॉफीच मागितली. लेक गेली, चव गेली, वास गेला, त्यात कॉफीही नाही असं तिला कुठल्या तोंडाने सांगू? तिला कळू देऊ नकोस. कधी मंदिराच्या दारात तिला अडवलं, तर मात्र लगेच सांग.'

मला वाटायचं, त्या तापातून मी माझ्या हाडांच्या जोरावर उठले.

चिठ्ठी पुन्हा पहिल्यापासून वाचली. आणि मग एक गोष्ट लक्षात आली, बोटिल्ड, जी इतके दिवस तुझ्या आणि माझ्या, दोघींच्या ध्यानात आली नाही. नाक माझं गेलं होतं. जीभ माझी गेली होती. नील्सची नाही. त्याला ताप आलाच नव्हता. कॉफीचं वेड त्यालाच जास्त होतं, कोपनहेगनच्या बंदरात हमाली करताना तो भाकरी सोडायचा पण कॉफी सोडायचा नाही. तो सहा वर्षं, रोज सकाळी, माझ्यासमोर बसून करपलेले जव प्यायला. त्याला एकेक घोट कळत होता. आणि रोज माझ्याकडे बघून म्हणाला, "आज झकास झालीय, डोर्थे."

दुपारी कोठारात गेले. त्याचा लोखंडी तवा खुंटीला तसाच होता. गेल्या वर्षीचे जव घेतले, कोंडा घेतला, काकवी हान्सिनेकडून आणली. काळे होईपर्यंत भाजले. धुराने खोकला आला, ते मात्र तो खरं बोलायचा. उद्या सकाळी दोन कप मांडणार आहे आणि त्याचा पूर्ण भरणार आहे.

एक डबा तुलाही पाठवतेय. लाल डबाच आहे, माझ्याकडे पंचाहत्तर पडलेत. तुझी जीभ शाबूत आहे, तुला सगळं कळेल. पहिला घोट घेतलास की काय म्हणायचं ते तुला ठाऊक आहे.

तुझी थोरली,
डोर्थेया